धाकटीचा गट

आम्ही दोघी बहिणी, माहेर तळेगाव ढमढेऱ्याचं. मी थोरली. मला खुटबावला दिली. पाटाचं पाणी, ऊस, घरचं गुऱ्हाळ, दारात ट्रॅक्टर, असं ते घर. धाकटीला केंदूरला दिली. तिकडं तेव्हा पाऊस झाला तर बाजरी, नाही झाला तर पुढच्या वर्षाची वाट बघायची. माणसं चांगली होती, पण घर ओढाताणीचं. वडिलांनी दोन्ही सोयरिकी सारख्याच मायेनं केल्या होत्या. पाणी काही त्यांच्या हातात नव्हतं.

लग्नं होऊन दोन-चार वर्षं झाली नाहीत तोवर आमच्यात एक रीतच पडून गेली. मी द्यायचं आणि तिनं घ्यायचं. उन्हाळ्यात ती पोरांना घेऊन माझ्याकडं यायची. दोघी मिळून शेवया, कुरडया, पापड करायचो. येताना तिच्याजवळ एखादी पिशवी असायची, जाताना तीन-चार असायच्या. ज्वारी, डाळ, पोरांचे कपडे, माझ्या एक-दोन साड्या. साड्या मी फार नेसलेल्या नसायच्या, हे मुद्दाम सांगते. देताना मी हात आखडला नाही कधी. सासूबाईही आडव्या आल्या नाहीत. सुनेच्या बहिणीला आपल्या घरातून जातं, हे चारचौघीत सांगायला त्यांनाही गोड वाटायचं.

आई तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "थोरली हाय म्हणून धाकटीचं चाललंय." ते वाक्य कुणाकडून माझ्या कानावर आलं, की त्या दिवशी मला काम जड वाटायचं नाही.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतला एक उन्हाळा. मी शेवयांसाठी गहू ओलवून ठेवले होते, माळ्यावरच्या बाजा खाली काढून धुतल्या होत्या, आणि तिची वाट बघत होते. ती आली नाही. तळेगावच्या बाजाराला गेलेल्या आमच्या माणसाबरोबर तिचा निरोप आला. यंदा जमत नाही, गटाचं काम आहे.

गट म्हणजे काय, ते मला तेव्हा नीटसं माहीत नव्हतं. रात्री जेवताना मालकांना विचारलं. त्यांना पंचायतीत बसून ठाऊक होतं. बायकांचा बचत गट असतो, दर महिन्याला थोडं थोडं गोळा करतात आणि जिला नड असेल तिला देतात, असं त्यांनी सांगितलं. "भिशीवानीच हाय," म्हणाले, आणि आमटी वाढायला सांगितली.

भिशीपायी बहीण माझ्याकडं यायची राहते, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. त्या वर्षी शेजारणींना बोलावून मी शेवया करून घेतल्या. त्या जाड झाल्या. मालक म्हणाले, धाकटीचा हात बारीक चालतो. ते सहज बोलले असतील. पण मी तो डबा वर्षभर पुढं घेतला नाही.

पुढच्या वर्षी मी ठरवलं, ती येत नाही तर आपणच जाऊ. पिशव्या भरल्या, एक चांगली साडी घेतली आणि निघाले. जीपनं तळेगाव, तिथून शिक्रापूर आणि मग केंदूरची एस.टी. उतरले तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. पिशव्यांनी हात कापत होते. वाटेत मनात एकच चित्र होतं, की ती धावत येईल, पिशव्या हातातून घेईल आणि म्हणेल, आक्का, एवढं कशाला आणलंस.

तिच्या दारात बायकांची रांग लागली होती. डोक्यावरून पदर घेतलेल्या, प्रत्येकीच्या हातात मळलेल्या पिठाचा डबा. ओसरीवर मोटरवर चालणारं शेवयांचं मशीन बसवलं होतं. त्यातून शेवया खाली पडत होत्या, दोघी जणी त्या काठीवर झेलून बाजांवर पसरत होत्या. मशीनजवळ माझी बहीण उभी होती. पदर खोचलेला, केसांवर पिठाचा थर, आणि आवाज चढलेला. पीठ सैल झालंय, थोडं घट्ट करून आणा, असं ती एका बाईला सांगत होती. ती बाई तिच्यापेक्षा वयानं किती मोठी, पण निमूट डबा घेऊन मागं फिरली.

मला बघून ती हसली. "आलीस? बस की. एवढी रांग संपली की आलेच." एवढं बोलून तिनं पुन्हा मशीनकडं तोंड केलं.

पाणी तिच्या सासूनं आणून दिलं. हीच बाई लग्नानंतर पहिली काही वर्षं माझ्या बहिणीला चहाच्या साखरेवरून बोलायची. मी स्वतः ऐकलं होतं. आता ती माझ्याजवळ बसून सांगायला लागली, की गटानं बँकेकडून कर्ज काढून हे मशीन घेतलं, दहा-पंधरा जणींची पाळी लावलीय, लांबच्या वाड्यांवरून बाया येतात, आणि सूनबाई अध्यक्ष आहे. 'अध्यक्ष' हा शब्द तिनं इतका जपून उच्चारला, की मला तांब्यातलं पाणी गोड लागेना.

मी बसून राहिले. रांग काही संपेना. बायका तिला 'ताई, ताई' करत होत्या. आमच्या घरात तिला कुणी ताई म्हटलं नव्हतं, ती शेंडेफळ. तिचं कौतुक वाटायला पाहिजे होतं, आणि मी तोंडानं तसं म्हणतही होते. मनात मात्र दुसरंच चाललं होतं. मला वाटलं, ह्या सगळ्याजणींना ही रोज भेटते. मी मात्र एवढ्या लांबून आले, आणि मला ही ओसरीवर बसवून ठेवते.

संध्याकाळी जेवताना ती भरभरून बोलली. पण बोलली ती गटाचंच. कोण हप्ता चुकवते, कोणाच्या शेळ्या व्याल्या, तालुक्याच्या गावाहून येणाऱ्या बाईंनी सही कशी शिकवली. मी आणलेल्या साडीची घडी तिनं मोडलीही नाही. "छान हाय," म्हणून कपाटात ठेवली. आणि दुसऱ्या दिवशी निघताना माझ्याच हातात एक साडी ठेवली. नवी, दुकानाच्या खोक्यातली.

मी म्हटलं, "मला कशाला?"

"घे की आक्का. माझ्या कमाईची हाय."

एस.टी.त बसल्यावर मी ते खोकं मांडीवर घेतलं. रंग चांगला होता, पोतही बरा होता. माझ्या सगळ्या साड्या मालकांनी नाहीतर सासूबाईंनी घेतलेल्या. उसाचं बिल यायचं ते आप्पांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या हातात यायचं, तिथून मालकांकडं आणि गरज पडली तर माझ्याकडं. मला कधी काही कमी पडलं नाही. पण बहिणीसाठी खोक्यातली साडी घ्यायची तर मला आधी चार वाक्यं मनात जुळवावी लागली असती. ते आठवून मला अपमान झाल्यासारखं वाटलं. अपमान कुणी केला, हे मात्र सांगता येईना. घरी सासूबाईंनी विचारलं, साडी कुणी दिली. मी म्हटलं, आईनं.

त्यानंतर दोन वर्षं आमचं येणं-जाणं दिवाळीला माहेरी भेटण्यापुरतंच राहिलं. भेटलो की ती बोलायची, मी ऐकायचे. ती अंगानं भरली होती, बोलण्यात धीट झाली होती. माझ्या पिशव्या मी भरायचं कमी केलं. तिनं ते ओळखलं, की तिच्या ध्यानातच आलं नाही, कोण जाणे. ध्यानात आलं नसेल, ह्याचाच मला जास्त राग यायचा.

मग एकदा मी तळेगावला आईकडं गेले असताना आई बोलता बोलता म्हणाली, धाकटीला आता बरं हाय, टाके काढायचे राहिलेत. मला काहीच कळेना. विचारल्यावर कळलं, की तिची गर्भपिशवी काढली होती. शिरूरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं होतं, अजून ती तिथंच होती. आईला वाटलं होतं, मला कळवलं असेल.

मी तशीच उठले आणि शिरूरला गेले. वाटभर रडू येत होतं. तिच्या दुखण्याचं येत होतं की मला न सांगितल्याचं, ते आजही मला वेगळं करून सांगता येणार नाही.

खोलीच्या दारात मी थबकले. ती खाटेवर उशीला टेकून बसली होती. तिच्या मागं एक म्हातारी बसली होती. मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातली दिसत होती, हातात जाड कडी, कपाळावर मोठं गोंदण. ती माझ्या बहिणीचे केस विंचरत होती. मधून मधून गुंता बोटांनी सोडवत होती, ओढ बसू नये म्हणून मुळाशी केस धरत होती. बहीण डोळे मिटून बसली होती.

ती लहान असताना तिची वेणी मी घालायचे. आई मळ्यात जायची, म्हणून ते काम माझ्याकडं असायचं. ती रडायची, मी गुंता ओढायचे, मग मुळाशी धरून सोडवायला शिकले. त्या बाईचा हात बघून मला असं झालं, की जाऊन फणी हिसकावून घ्यावी. मत्सर, मत्सर म्हणतात तो मला त्या दारात कळला. मशीनचा, साडीचा, अध्यक्षपणाचा जो काही वाटला होता, तो ह्याच्यापुढं काहीच नव्हता.

मला बघून ती म्हातारी उठली. खाटेवर जागा करून दिली आणि म्हणाली, "या. तुम्ही थोरल्या ना? तुमचं नाव सारखं असतं हिच्या तोंडी. मिटिंगीतबी असतं." मग चहा आणते म्हणून थर्मास घेऊन बाहेर गेली. ती गेली ते बरंच झालं, पण माझ्या मनाला आणखी एक काटा लागला. आमच्या लहानपणाच्या गोष्टी धाकटीनं मिटिंगीत सतरंजीवर बसून गावातल्या बायकांना सांगितल्या होत्या.

मी विचारलं, "मला का कळवलं न्हाईस?"

तिनं उशी जरा वर सरकवली. मग म्हणाली, की अचानक ठरलं. त्या दिवशी गटातल्या बायका जमल्या, कर्ज तिथंच मंजूर केलं, दोघी जणी तिच्यासोबत गाडीत बसल्या. आता रोज एक जण पाळीनं राहते. घरी तिच्या सासूला चुलीपुढं बसू देत नाहीत.

"आन् मी? मी मेले हुते?"

"आक्का, तू दाजींना विचारणार. दाजी आप्पांना विचारणार. गुऱ्हाळ चालू हाय म्हंजी तुझ्या घरी वीस माणसांचा सैपाक. मंग यायला मिळालं तर तू येणार. तवर मी काय करायचं हुतं?"

ती चिडून बोलली नाही. ऊस कधी तुटणार, असं विचारावं तशा आवाजात बोलली. म्हणूनच मला ते सोसेना. मी बोलून गेले, की आजपर्यंत तुझ्या घरात माझ्या घरचं धान्य गेलं, ते विसरलीस का.

"इसरले न्हाई," ती म्हणाली. "तुझी पिशवी आली का आमच्या घरात दोन दिस कुणी कुणाशी बोलायचं न्हाई. ह्यांचं तोंड उतरायचं. सासू गल्लीभर सांगायची, आन् मलाच ऐकवायची, का बहिणीकडनं आणतीस म्हणून चढलीस. मी तुला कधी बोलले न्हाई. पोरं जेवायची, म्हणून घेत हुते. गटाकडनं घेते त्ये मी फेडते. तुझं कवा फेडणार हुते मी?"

 मी तिच्या पायांवर पांघरूण नीट केलं, ते नीटच होतं. तेवढ्यात म्हातारी चहा घेऊन आली आणि आम्ही तिघी तो प्यायलो. मी त्या दिवशी तिथंच राहिले. घरी फोन करून सांगितलं, की येत नाही. विचारलं नाही, सांगितलं. पलीकडून मालक "बरं" म्हणाले. धाकटी ऐकत होती. 

खुटबावला परतले ती मनात एकच घेऊन, आपलाही गट पाहिजे. हे शहाणपण म्हणून सुचलं असं मी म्हणणार नाही. तिच्याजवळ आहे आणि माझ्याजवळ नाही, हे मला झोपू देत नव्हतं. मळ्यातल्या माझ्या बरोबरीच्या बायकांना विचारलं, तर त्या हसल्या. तुला काय कमी हाय, असं सगळ्यांचं एकच. मालकही तेच म्हणाले. शेवटी तयार झाल्या त्या वस्तीवरच्या धनगरांच्या बायका आणि आमच्याच गुऱ्हाळावर कामाला येणाऱ्या दोघी-तिघी. सासूबाईंना ते रुचलं नाही. आपल्याकडं रोजानं येणाऱ्या बायकांच्या शेजारी एका सतरंजीवर बसायचं, म्हणजे काय. मी बसले.

पहिली मिटिंग कशी घ्यायची, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. धाकटीला बोलवावं लागलं. ती आली ती एकटी, हातात फक्त एक पर्स. आमच्या अंगणात ती उभी राहिली आणि बोलायला लागली. नियम काय, बचत कशी, कर्ज कुणाला आधी, भांडण झालं तर काय करायचं. आप्पा ओट्यावर पेपर वाचत बसले होते. मला लग्न होऊन आल्यापासून 'चहा' आणि 'पाणी' ह्यापलीकडं त्यांनी फारसं काही म्हटलं नव्हतं. त्यांनी पेपर बाजूला ठेवला. थोड्या वेळानं स्वतः उठून तिच्यासाठी खुर्ची आणून ठेवली आणि विचारलं, "बँक तारण काय मागती?" ती त्यांना समजावून सांगू लागली, आणि हा माणूस मान हलवत ऐकत होता.

मी आत जाऊन पोहे फोडणीला टाकले. मोहरी जास्तच तडतडली. माझं अंगण, माझे सासरे, माझ्या जमवलेल्या बायका, आणि बघावं तर सगळ्यांचे डोळे तिच्याकडं. पोहे घेऊन बाहेर आले तोवर अध्यक्षाची निवडही झाली होती. वस्तीवरच्या एका बाईला त्यांनी निवडलं होतं. धाकटीनंच सुचवलं होतं, की मोठ्या घरची बाई पहिल्यांदाच अध्यक्ष केली तर बाकीच्या तोंड उघडत नाहीत. मी सगळ्यांच्या हातात बशा दिल्या.

जाताना तिला जीपपर्यंत सोडायला गेले. मी भरभर पुढं चालत होते. ती म्हणाली, "रागावलीस?"

मी म्हटलं, "व्हय."

"मलाबी यायचा तुझा राग," ती म्हणाली. "तुझ्या पाण्याचा. पाटाच्या कडंनं जीप यायची तवा मी तोंड फिरवून बसायची. तुझ्या घरचं पोटभर जेवायची आन् मनात म्हणायची, हिलाच का."

हे मला तिनं कधी दिसू दिलं नव्हतं. मला वाटायचं, ती घेते, म्हणजे खूश असते. जीप भरली, ती मागं बसली, आणि गेली. मी रस्त्यावर उभी राहून तिच्या त्या बोलण्याचाच विचार करत होते. खरं सांगायचं तर थोडं बरं वाटलं.

गट चालला. भांडणं झाली, दोघी सोडून गेल्या, तिघी नव्या आल्या. कर्ज घ्यायची माझी पाळी आली तेव्हा मी काकवी विकायचं ठरवलं. गुळाच्या कढईतला तो पातळ रस शहरात लोक आवडीनं घेतात, असं ऐकलं होतं. मी कर्ज घेतलं आणि आमच्याच गुऱ्हाळातून काकवी विकत घेतली. आप्पांनी पैसे हातात घेतले आणि बराच वेळ तसेच धरून ठेवले. म्हणाले, "घरच्या मालाला पैसं?" मी म्हटलं, "पावती पण द्या." त्यांनी दिली. घरात त्यावर आठवडाभर चर्चा झाली, पण पुढच्या खेपेला त्यांनी भाव स्वतःहून सांगितला, आणि तो बाहेरच्यांपेक्षा कमी नव्हता.

शिरूरला गटांच्या मालाचं प्रदर्शन भरलं, तेव्हा आम्हालाही एक टेबल मिळालं. मांडवाच्या त्या टोकाला धाकटीच्या गटाचं टेबल. शेवया, पापड, आणि आता मसालेही. तिच्यापुढं सकाळपासून गर्दी. माझ्यासमोर लोक यायचे, बाटली उचलून उजेडात धरायचे आणि ठेवून जायचे. माझ्या बरोबरच्या बायका जांभया द्यायला लागल्या. मी दुपारपर्यंत बाटल्यांकडं कमी आणि तिच्या गर्दीकडं जास्त बघत होते. तिच्या टेबलावरचं प्रत्येक गिऱ्हाईक मला माझ्या टेबलावरून गेल्यासारखं दिसत होतं.

दुपारनंतर एकेक करून गिऱ्हाइकं यायला लागली. भाकरीबरोबर काकवी कशी लागते, लहान पोरांना चालते का, असं विचारून घ्यायला लागली. एक बाई म्हणाली, त्या शेवयावाल्या ताईंनी पाठवलं. मला आधी वाटलं, हिची बाटली परत घ्यावी. मग मी तिला सुट्टे पैसे दिले. संध्याकाळपर्यंत माल बराचसा गेला. माझ्या बरोबरच्या बायका खूश होत्या, जीपमध्ये गात होत्या. मालकांनी घरी विचारलं, कसं झालं. मी म्हटलं, चांगलं झालं. गिऱ्हाइकं कुणी पाठवली, ते सांगितलं नाही. ते त्यांना मी अजूनही सांगितलेलं नाही.

आता आम्ही दोघीही सासवा झालो. तिचं मसाल्याचं काम वाढलं, गावात तिचा शब्द चालतो, लग्नकार्यात लोक तिला पुढं बसवतात आणि मग मला ओळख करून देतात, ह्या त्यांच्या थोरल्या बहीण. दर वेळी माझ्या पोटात थोडं दुखतंच. मी तिला एकदा तसं सांगितलंही. ती म्हणाली, पाणी आमच्याकडं अजून टँकरनंच येतंय आक्का, तू कशाला कष्टी होतीस. आणि मग दोघींनी बसून तिच्या सुनेबद्दल बोलायला सुरुवात केली, कारण त्या सुनेला म्हणे गटाच्या मिटिंगीला यायला वेळ नसतो.